डेट्रॉईटचा मजूर गायक : सिक्स्टो रॉड्रिग्ज

स्मरणिका म्हटली की विहाराची उभारणी, चळवळीतील माणसे, देणगीदारांची यादी हे ओघाने आलेच. यंदा त्या पंगतीला आम्ही एका परक्या माणसाला बसवत आहोत. सिक्स्टो रॉड्रिग्ज हे त्याचे नाव. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात घरे पाडण्याचे, डागडुजीचे काम करणारा हा मजूर. गाणी स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा, गिटार घेऊन स्वतःच गायचा. १९७० आणि १९७१ साली त्याच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या खपल्या नाहीत. गडी परत आपल्या कामावर गेला. आणि पुढची कित्येक वर्षे दूर दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरांत वाजत राहिली, लोक त्याला मेलेला समजत राहिले, आणि त्याला स्वतःला यातले काही म्हणजे काही ठाऊक नव्हते. १९९८ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो त्या देशात जाऊन गायला.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? रक्ताचा, धर्माचा काही नाही. पण आपल्या वस्तीत प्रत्येक चार घरांमागे एखादा गाणारा होऊन गेला आहे. कोणी गिरणीत होता, कोणी गोदीत, कोणी नगरपालिकेत. जयंतीला त्याचे गाणे सगळ्यांनी म्हटले आणि पुढे त्याचे नाव कोणाला आठवेना. अशा घरच्यांना रॉड्रिग्जची हकीकत ओळखीची वाटेल, म्हणून ती सविस्तर सांगतो.

डेट्रॉईट म्हणजे मोटारगाड्यांचे शहर. आपल्याकडे मुंबई गिरण्यांवर वाढली तसे हे मोटारींच्या कारखान्यांवर वाढले. काम मिळते म्हणून दक्षिणेकडून काळे लोक आले, मेक्सिकोतून मजूर आले. रॉड्रिग्जचे वडील १९२०च्या दशकात असेच मेक्सिकोतून आलेले. पुढे १९३०च्या मंदीत हजारो मेक्सिकन मजुरांना अमेरिकेतून परत धाडण्यात आले. हात हवेत, माणूस नको, हा न्याय तिकडेही तोच! १० जुलै १९४२ रोजी सिक्स्टोचा जन्म झाला. भावंडांत सहावा, म्हणून सिक्स्टो. आपल्याकडे बारक्या, धाकट्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. घरच्या गिटारवर तो वाजवायला शिकला.

१९६७ साली त्याचे पहिले गाणे तबकडीवर आले. त्यावर नाव छापले होते ‘रॉड रिगेझ’. रॉड्रिग्ज या सरळ मेक्सिकन आडनावाचे कंपनीने दोन तुकडे केले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या माणसाच्या नावाचे हाल पुढेही झाले आहेत.

त्याच १९६७च्या जुलैत डेट्रॉईट पेटले. पोलिसांच्या एका धाडीतून ठिणगी पडली. पाच दिवस शहर जळत होते, ४३ माणसे मेली, लष्कर आणावे लागले. काळ्या वस्त्यांतील बेकारी, पोलिसांचा जाच, घरांची दैना हे सारे त्या आगीमागे होते. आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला होता, ज्याच्या नावावरून १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर उभी केली. रॉड्रिग्जची गाणी या काळातली आहेत. बेकारी, अमली पदार्थांचा धंदा, पुढाऱ्यांची लबाडी, भाड्याच्या खोलीत कुढणारी माणसे हे त्याचे विषय. तो कोणत्या पक्षाचा प्रचारक नव्हता. गल्लीत जे दिसले ते त्याने लिहिले.

नदीकाठच्या धुरकट दारूगुत्त्यांत तो गायचा, आणि गाताना लोकांकडे चक्क पाठ करायचा. अशाच एका ठिकाणी डेनिस कॉफी आणि माईक थिओडोर या दोन संगीत निर्मात्यांनी त्याला ऐकले. त्यांनी १९६९ साली डेट्रॉईटमध्येच त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मार्च १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ ही तबकडी बाजारात आली. दुसरी, ‘कमिंग फ्रॉम रिअॅलिटी’, लंडनला ध्वनिमुद्रित झाली आणि १९७१च्या अखेरीस निघाली. दोन्ही अमेरिकेत पडल्या. कंपनी लहानच होती, पण अगदीच कुचकामी होती असेही नाही. बिल विदर्स या काळ्या गायकाची गाजलेली गाणी त्याच सुमारास त्याच कंपनीने काढली होती. मग रॉड्रिग्जच का पडला? कोणी म्हणतो जाहिरात झाली नाही, कोणी म्हणतो मेक्सिकन नावाचा गिटारवाला अमेरिकन रेडिओला चालला नाही. आमच्या मते दोन्हीत तथ्य आहे, आणि लोकांकडे पाठ करून गाणाऱ्या संकोची माणसाला बाजारात उभे करणेही सोपे नसावे. कंपनीने त्याला सोडले. १९७५ साली कंपनीच बंद पडली. तिसऱ्या तबकडीचे काम अर्धवट राहिले ते राहिलेच.

यापुढची पंचवीस वर्षे लिहिणारे लोक ‘अज्ञातवासात गेली’ असे लिहून मोकळे होतात. आम्हाला मात्र त्याच वर्षांविषयी जास्त सांगावेसे वाटते.

रॉड्रिग्ज कुठे पळून गेला नव्हता. तो त्याच शहरात, त्याच वस्तीत होता. जुनी घरे पाडणे, आतली मोडतोड बाहेर काढणे, छपरे-भिंती दुरुस्त करणे हे त्याचे काम. पडीक घरांतले जड सामान पाठीवर घालून जिना उतरायचा. त्याच्या एका सहकाऱ्याने पुढे चित्रपटात सांगितले आहे की हा माणूस असल्या धुळीच्या कामाला लग्नात घालावा तसला काळा सूट घालून यायचा आणि पूजेला बसल्यासारखा मन लावून काम करायचा. बाबासाहेबांचा सूटबूट ज्यांना कळला त्यांना या सुटाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९७६ साली सरकारी लिलावात त्याने ५० डॉलरला एक मोडके घर घेतले. ५० डॉलरला घर म्हणजे त्या शहराची काय अवस्था झाली असेल बघा. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेले डेट्रॉईट २०१० पर्यंत सात लाखांवर आले. कारखाने गेले, पैसेवाले गोरे उपनगरांत गेले, मागे राहिली पडकी घरे. ती घरे पाडायला जे मजूर लागत होते त्यांत आपला गायक होता. ते ५० डॉलरचे घर त्याने शेवटपर्यंत सोडले नाही.

तीन मुलींचा हा बाप. हातात पैसा नसला तरी पोरींना तो ग्रंथालयांत, संग्रहालयांत न्यायचा. मोठ्या लोकांच्या जागा आपल्यासाठी नाहीत असे त्याने त्यांना कधी वाटू दिले नाही. मजुरी करता करता तो वेन स्टेट विद्यापीठात शिकत राहिला आणि १९८१ साली, एकोणचाळिशीच्या घरात, तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाला. निवडणुकाही लढला, एकदा नव्हे चारदा. १९८१ आणि १९९३ साली महापौरपदासाठी, १९८९ साली नगर परिषदेसाठी, २००० साली राज्याच्या विधानसभेसाठी. चारही वेळा हरला. १९८९च्या मतपत्रिकेवर तर त्याचे नाव धड छापलेसुद्धा नव्हते. पुन्हा नावच!

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. तिथे १९४८ पासून गोऱ्यांच्या नॅशनल पक्षाने वर्णभेद कायद्यात बसवला होता. काळ्यांनी कुठे राहायचे, कुठल्या शाळेत शिकायचे, कोणाशी लग्न करायचे, सगळ्याला कायदा. आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवायला कायदा लागला नव्हता, रूढी पुरेशी होती. एवढाच काय तो फरक. जगाने या देशावर बहिष्कार टाकला. भारताने तर १९४६ सालीच व्यापार तोडला होता. आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून असा शिक्का असायचा. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका आली, तर भारताने चषकावर पाणी सोडले पण खेळला नाही. १९९१च्या नोव्हेंबरात त्यांचा क्रिकेट संघ कोलकात्यात उतरला ते दृश्य अनेकांना आठवत असेल. बंदी उठल्यावरचा तो पहिला दौरा.

अशा कोंडलेल्या देशात १९७१च्या सुमारास ‘कोल्ड फॅक्ट’ पोहोचली. टेलिव्हिजन तिथे १९७६ पर्यंत नव्हते. रेडिओ सरकारी. सरकारी रेडिओच्या संग्रहातील या तबकडीवर नको असलेल्या गाण्यांच्या जागी टोकदार हत्याराने ओरखडे मारून ठेवलेले होते, म्हणजे चुकूनही कोणी वाजवायला नको. तरी तबकडी खपत राहिली, एकाची दुसरा टेपवर उतरवून घेत राहिला. केपटाऊनचा स्टीफन सेगरमन सांगतो की त्याच्यासारख्या गोऱ्या मध्यमवर्गीय घरांत बीटल्स, सायमन-गारफंकल आणि रॉड्रिग्ज या तीन तबकड्या हमखास सापडायच्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर इतिहासाची मोडतोड होईल. रॉड्रिग्जचे चाहते प्रामुख्याने गोरे तरुण होते. काळ्या जनतेच्या लढ्याची गाणी वेगळी होती, त्यांच्या स्वतःच्या भाषांतली होती, आणि त्यासाठी लोकांनी तुरुंग, हद्दपारी, गोळ्या सोसल्या. १९७६ साली सोवेटोत शाळकरी पोरे रस्त्यावर उतरली ती काही अमेरिकन गाणी ऐकून नव्हे. पण गोऱ्या घरांतही सक्तीच्या लष्करी नोकरीला कंटाळलेली, आईबापांचे राज्य खोटे आहे हे कळू लागलेली पोरे होती. वरच्या सत्तेला प्रश्न विचारता येतो, हे त्यांना या गाण्यांत प्रथम ऐकू आले. १९८९ साली अफ्रिकान्स भाषेतल्या बंडखोर गायकांनी ‘फोएलफ्राय’ नावाचा दौरा काढून सरकारची टर उडवली, विद्यापीठांनी त्यांना दारे बंद केली. या पिढीतल्या गायकांनी रॉड्रिग्जचे ऋण मानले आहे. जुलूम करणाऱ्या जातीच्या घरातली मुले कशाने जागी होतात, हा प्रश्न आपल्यालाही काही परका नाही.

तबकडीवर गायकाची माहिती जवळजवळ नव्हतीच. काळा चष्मा घातलेला माणूस, बस्स. तेव्हा अफवा उठली की त्याने भर कार्यक्रमात रंगमंचावर आत्महत्या केली. कोणी म्हणे स्वतःला पेटवून घेतले, कोणी म्हणे गोळी झाडली. ऐकीव गोष्ट दहा तोंडी झाली की खरी वाटू लागते. कालाम सुत्त वाचणाऱ्या घरांत याची आठवण ठेवायला हरकत नाही.

ही अफवा तपासून पाहायला दोघे निघाले. एक तो सेगरमन, दुसरा पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू. १९९६ साली दुसरी तबकडी सीडीवर निघाली, तेव्हा तिच्यासोबतच्या मजकुरात सेगरमनने जाहीर केले की या माणसाचे काय झाले ते कोणीतरी शोधावे. बार्थोलोम्यूने ते मनावर घेतले. पैसा कुठे जातो ते पाहिले, गाण्यांतली गावांची नावे वेचली. लंडन, अॅमस्टरडॅम असली नावे होती, त्यांतून काही निघेना. मग एका गाण्यातल्या ‘डिअरबॉर्न’ या नावाकडे त्याचे लक्ष गेले. नकाशाचे पुस्तक उघडले तर डिअरबॉर्न निघाले डेट्रॉईटला लागून! तिथून १९९७ साली तो निर्माता माईक थिओडोरपर्यंत पोहोचला. रॉड्रिग्ज मेला कसा, हे विचारायला गेला आणि उत्तर मिळाले, अहो, तो जिवंत आहे. त्याच सुमारास सेगरमनने इंटरनेटवर टाकलेले शोधाचे निवेदन रॉड्रिग्जच्या थोरल्या मुलीच्या नजरेस पडले आणि तिने स्वतःहून संपर्क साधला.

मार्च १९९८ मध्ये तो मुलींसह केपटाऊनला उतरला. न्यायला लांबलचक गाड्या आल्या होत्या. त्या दुसऱ्या कोणा बड्या माणसासाठी असतील म्हणून घरचे बाजूने निघाले होते. ६ मार्चला पहिला कार्यक्रम झाला, सुमारे पाच हजार लोक. गाणे सुरू होण्याआधी लोक उभे राहून ओरडतच राहिले, त्याला तोंड उघडू देईनात. मग गाणी सुरू झाली तर सगळ्यांना सगळी पाठ. असे सहा कार्यक्रम झाले. या वेळी त्याने लोकांकडे तोंड केले होते. नेल्सन मंडेला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते, वर्णभेद कायद्यातून जाऊन चार वर्षे झाली होती.

दौरा आटोपून तो डेट्रॉईटला आला आणि पुन्हा पाडकामावर रुजू झाला. पुढेही गाण्यासाठी आफ्रिकेत जाऊन आला, मिळालेल्या पैशातला बराचसा घरच्यांना, मित्रांना वाटून टाकला. २००८ आणि २००९ साली अमेरिकेत त्याच्या दोन्ही तबकड्या नव्याने निघाल्या. मग मलिक बेंजेलूल या स्वीडिश तरुणाने त्याच्यावर ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा माहितीपट केला. पैसे संपले तेव्हा त्याने काही दृश्ये मोबाइल फोनवर चित्रित केली. २०१२ साली तो प्रदर्शित झाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. रॉड्रिग्ज सोहळ्याला गेलाच नाही. चित्रपट करणाऱ्यांचे श्रेय आपल्याकडे यायला नको, असे त्याचे म्हणणे.

चित्रपट चांगला आहे, तरुण मुलांनी जरूर पाहावा. पण त्यात एक मोठी गोष्ट गाळली आहे. ऑस्ट्रेलियातही रॉड्रिग्जची गाणी १९७०च्या दशकात लोकप्रिय होती, आणि १९७९ व १९८१ साली तो तिथे जाऊन दौरे करून आला होता. म्हणजे १९७१ ते १९९८ त्याने जाहीर गाणेच केले नाही, हे खरे नाही. दोनदा दार उघडले, दोनदा बंद झाले, दोन्ही वेळा तो मुकाट्याने कामाला लागला. चमत्काराच्या कथेला हा तपशील अडचणीचा होता म्हणून गाळला असणार. आम्हाला मात्र तो घालूनच गोष्ट मोठी वाटते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात हजारोंपुढे गायलेला, त्याच वर्षी पदवी घेतलेला आणि त्याच वर्षी महापौरपदाला उभा राहिलेला माणूस पुढची सतरा वर्षे पाडकाम करतो, हे पचवायला जास्त अवघड आहे.

आता पैशाचे. दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्या म्हणाल्या, आम्ही अमेरिकेत पैसे पाठवले. ते रॉड्रिग्जपर्यंत आले नाहीत. पहिल्या तबकडीतली काही गाणी तर दुसऱ्याच टोपणनावांवर नोंदवलेली होती, आणि या गाण्यांच्या हक्कावरून २०१४ साली अमेरिकेत कोर्टकज्जा सुरू झाला. गाणे ज्याचे, कागद दुसऱ्याचे.

आपल्याकडे हा प्रकार कॅसेटच्या जमान्यात सर्रास होता. भीमगीतांच्या कॅसेटी दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर ढिगाने विकल्या गेल्या. गायकाला एकदाच ठरलेली बिदागी, लिहिणाऱ्याला पुष्कळदा तीही नाही. पण आपल्या शाहिरांजवळ एक जुनी युक्ती होती. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्यांत ‘वामन’ येतो तो असा. कागद हरवला, कॅसेटवर नाव छापले नाही, तरी गाणारा ते नाव घेतल्याशिवाय गाणे पुरे करू शकत नाही. रॉड्रिग्जला ही सोय नव्हती. ज्यांनी नाव गुंफले नाही अशा आपल्याकडच्या किती जणांची गाणी आज ‘पारंपरिक’ म्हणून छापली जातात! ज्या घरांत जुन्या कॅसेटी, गाण्यांच्या वह्या, मेळ्यांचे हस्तलिखित कागद असतील त्यांनी ते विहाराच्या वाचनालयात आणून दाखवावेत. आम्ही उतरवून घेऊ, लिहिणाऱ्याचे नाव वर घालू आणि मूळ वही परत करू.

मे २०१३ मध्ये वेन स्टेट विद्यापीठाने रॉड्रिग्जला मानद डॉक्टरेट दिली. त्या वर्षी तो इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठमोठ्या महोत्सवांत गायला. काचबिंदूने दृष्टी बरीच गेली होती, कोणीतरी हाताला धरून त्याला रंगमंचावर आणून उभे करी. त्याला जगापुढे आणणारा बेंजेलूल मे २०१४ मध्ये ऐन छत्तिशीत वारला. तिसरी तबकडी शेवटपर्यंत निघाली नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, रॉड्रिग्ज डेट्रॉईटमध्ये वारला. या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली, आणि नाव बरोबर छापले.